काचेवरचा बारा-नव्वद

१९ मार्च, शुक्रवार

चर्चच्या हॉलमध्ये फिश फ्राय. मासा तेलकट, कोबीचं सॅलड पाणचट, माणसं त्याहून पाणचट. तरी मी शांत होते. मग मिलो आला.

मिलो म्हणजे माझा दीर, ऑगीचा धाकटा भाऊ. टाइल्सचं दुकान विकल्यापासून गावभर फुकट सल्ले वाटत हिंडतो. ताट घेऊन समोर बसला आणि म्हणाला, अगं लोरेटा, ऑगीला जाऊन पाच महिने झाले, आता ती गॅरेजमधली गाडी मी घेऊन जाऊ ना? जणू शेजाऱ्याने नेलेली शिडी परत मागतोय.

ती गाडी म्हणजे अडुसष्टची प्लिमथ. ऑगी तरुणपणी हिच्यावर ड्रॅग स्ट्रिपला जायचा. पाव मैल सरळ रस्ता, दोन गाड्या, जो आधी पोचला तो शहाणा. मग कॉनी झाली, छप्पर गळायला लागलं आणि गाडी ताडपत्रीखाली गेली. ऑगी दर हिवाळ्यात म्हणायचा, पुढच्या वसंतात काढतो. वसंत येत गेले. ऑक्टोबरात तो स्वतःच गेला. हॉस्पिटलमध्ये मला म्हणाला होता, गाडी तुझी. आता मिलो शपथेवर सांगतो की त्याच आठवड्यात त्यालाही म्हणाला होता, गाडी तुझी.

मला यात नवल वाटलं नाही. संताप आला. ऑगीने जन्मात कुणाला नाही म्हटलं नाही. बायकोला आणि भावाला एकच गाडी देऊन स्वतः नामानिराळा.

मी उभी राहिले. म्हणाले, ही गाडी मी दुरुस्त करीन. जुन्या काळची ड्रॅग रेसर करीन, नाक वर केलेली, दारावर नाव रंगवलेली. स्ट्रिपवरच्या सप्टेंबरच्या मेळ्यात मी स्वतः चालवीन आणि निदान एक फेरी जिंकीन. जिंकले तर तू पुन्हा तिचं नाव काढायचं नाहीस. हरले तर गाडी तुझी. सगळा हॉल ऐकत होता. मिलो म्हणाला, लोरेटा, खाली बस, मासा गार होतोय. मी म्हणाले, शब्द म्हणजे शब्द, हात मिळव. त्याने मिळवला. हाताला टार्टर सॉस होता.

२० मार्च, शनिवार

ताडपत्री काढली. चारही टायर बसलेले. मागच्या सीटमध्ये उंदरांनी मोहल्ला वसवलाय. बाकी गाडी उत्तम.

एप्रिलमध्ये इंजिन, मेमध्ये रंग, जूनपासून सराव. यात अवघड काय आहे मला कळत नाही. तीस वर्षं मी परवाना कचेरीत ड्रायव्हिंगची परीक्षा घेतली. या तालुक्यातले अर्धे पुरुष माझ्याकडून एकदा तरी नापास झालेत, मिलो दोनदा. गाडी माणसाला घाबरली पाहिजे, बस.

संकल्प: मिलोला गॅरेजमध्ये पाऊल टाकू द्यायचं नाही.

२४ मार्च

इंजिन जाम आहे. मिलोने फोनवर (मी केला नव्हता, त्याने केला होता, म्हणजे मी केला होता पण दुसऱ्या कामासाठी) सांगितलं, स्पार्क प्लग काढ, आत तेल सोड आणि थांब. दोन आठवडे हात लावू नकोस. मी विचारलं, आणि मग? म्हणाला, मग हळूच फिरवून बघ. नाही फिरलं तर अजून थांब.

थांबणं हा माझ्या सासरच्या हुडाक घराण्याचा आजार आहे. मी पान्याला लांब पाइप लावून जोर दिला. बोल्टचं डोकं उडालं. बोल्ट मुळातच सडका होता, बरं झालं आत्ता कळलं.

३ एप्रिल, शनिवार

इंजिनावर वेळ घालवणं चूक होतं. रेसरमध्ये महत्त्वाचं असतं वजन. आज मागची सीट, हीटर, रेडिओ, गालिचा, सगळं काढून फेकलं. प्रचंड प्रगती. गाडी हलकी झाली. चालत नाही, पण हलकी आहे.

कॉनीचा फोन. मॉम, तुझा गुडघा. मी म्हणाले, गुडघा माझा आहे, मला माहीत आहे कुठे आहे तो. म्हणाली, मॉम, तू अंकल मिलोवर चिडली आहेस की डॅडवर? मी फोन ठेवला. मुलांना मानसशास्त्र शिकवायला पैसे मोजायचे आणि मग त्यांनी ते आपल्यावरच वापरायचं.

९ एप्रिल, गुड फ्रायडे

उपास. राग राग. सिस्टर लुडमिला शाळेत सांगायच्या की क्रोध हे महापाप आहे, पण अन्यायाविरुद्धचा क्रोध पाप नव्हे. माझा सगळा दुसऱ्या प्रकारचा आहे. तपासून पाहिला.

८ मे, शनिवार

दारांवर नाव रंगवलं: शेवटचा न्याय. सोनेरी अक्षरं, लाल सावली. ड्रायव्हरच्या बाजूला जागा थोडी कमी पडली, त्यामुळे ‘न्याय’ मागच्या चाकावरच्या पत्र्यावर गेला. दार उघडलं की नुसतं ‘शेवटचा’ हलतं. उठून दिसतं.

मिलो रस्त्यावरून बघत होता. म्हणाला, इंजिन फिरत नाही आणि तू नाव रंगवतेस? मी म्हणाले, बाळाचं बारसं ते चालायला लागल्यावर करतात का? मग म्हणाला, निदान मला बॉनेट उघडून बघू दे, तू काय करून ठेवलंयस या कल्पनेनेच मला झोप लागत नाही.

मी परवानगी दिली. नीट विचार करून. शत्रूला आपल्याच कामाला जुंपणं याला मुत्सद्दीपणा म्हणतात. मुळात माझा संकल्प पाऊल टाकू न देण्याचा होता. तो बाहेरच्या फरशीवरून वाकून बघतोय.

१५ मे, शनिवार

मिलो आत आहे. फरशीवरून हात पोचत नव्हता.

३१ मे, मेमोरियल डे

सकाळी कबरस्तानात. ऑगीच्या दगडाशी जिरेनियम लावलं. त्याला स्पष्ट शब्दांत विचारलं, गाडी कुणाला दिली होतीस? उत्तर नाही. जिवंतपणीही हेच करायचा.

दुपारी मिलोने इंजिन उचलून काढलं. दर शनिवारी सकाळीच येतो, माझी कॉफी पितो, माझे कोलाचे, म्हणजे मधे गोड सारण भरलेले पाव, खातो आणि ऑगी कसा गिअर टाकायचा ते सांगत बसतो. एकदा म्हणाला, तेव्हा तू कुंपणाशी उभी राहून घड्याळात वेळ मोजायचीस, आठवतं? आठवतं. ऑगीचा सर्वांत चांगला वेळ बारा सेकंद नव्वद. सगळ्या स्ट्रिपवर तेव्हा चर्चा झाली होती. मिलो म्हणाला, कसली चर्चा, आम्ही तिघंच होतो आणि एक कुत्रा. याची स्मरणशक्ती अशीच आहे, क्षुद्र.

१३ जून, रविवार

पुढच्या चाकांना उंच स्प्रिंग बसवल्या. मिलो नको म्हणत होता. नाक आता रुबाबात वर आहे. जुन्या रेसर अशाच असायच्या. एकच बारीक गोष्ट, सीटवर बसलं की मला पुढे बॉनेट आणि वर आकाश दिसतं. रस्ता दिसत नाही. पण रस्ता सरळ आहे, तो न दिसायला काय झालं? खाली दोन उशा घेतल्या. आता पाय क्लचला पोचत नाही. एक उशी काढली. आता दोन्ही थोडं थोडं होतं.

४ जुलै, रविवार

इंजिन सुरू झालं.

आधी खोकलं, मग भडका, मग काळा धूर, आणि मग तो आवाज. शेजारच्यांना वाटलं आमचे फटाके आधीच सुरू झाले. मिलो दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा. मला म्हणाला, ऐक लोरेटा, ऐक, ऐक. मी काही बहिरी नाही. मी त्याला म्हणाले, कार्ब्युरेटरच्या वरचा तो स्क्रू मीच साफ केला होता म्हणून झालं. तो म्हणाला, हो, तुझ्यामुळेच झालं. हा माणूस भांडणसुद्धा नीट करत नाही.

मग मी आत गेले. कपाटातला ऑगीचा कोट काढला, झटकला, पुन्हा लावला. धुवायला टाकायचा होता. टाकला नाही. उन्हाळ्यात लोकरीचा कोट कोण धुतं?

१४ ऑगस्ट, शनिवार

स्ट्रिपवर सरावाचा दिवस. अपमानाचा दिवस.

गेटवर तपासणी. टोपी घातलेल्या एका माणसाने ऑगीचं हेल्मेट हातात घेऊन असं पाहिलं जणू मी उत्खननातून आणलंय. म्हणाला, बाई, जुन्या रेसरच्या वर्गात तुम्हाला घेता येणार नाही. गाडी उलटली तर वाचवणारा लोखंडी पिंजरा आत नाही, हेल्मेट कालबाह्य, सीट बेल्ट उंदराने खाल्लेला. नवा बेल्ट, नवं हेल्मेट आणा, मग फार तर स्ट्रीट वर्गात. स्ट्रीट वर्ग म्हणजे जिथे लोक घरची गाडी घेऊन येतात. मी त्याला विचारलं, तुझा परवाना कुणी दिला? म्हणाला, तुम्हीच, मिसेस हुडाक, तिसऱ्या खेपेला.

बेल्ट आणि हेल्मेट मिलोच्या ट्रकमध्ये निघाले. नवे कोरे. हा माणूस कशाची तयारी करून येतो देव जाणे. मग एकदा पळवून पाहिली.

सतरा सेकंद, वीस.

वारा समोरून होता. तिसरा गिअर दोनदा टाकावा लागला, कारण पहिल्या वेळी तो तिथे नव्हता. शिवाय ते विजेचं घड्याळ. माझ्या हातातलं घड्याळ कधी असं वागलं नाही.

२८ ऑगस्ट, शनिवार

मिलोशी कडाक्याचं भांडण.

स्ट्रीट वर्गाचा नियम मूर्खपणाचा आहे. आपली गाडी किती सेकंदांत पाव मैल जाईल तो आकडा आपणच आधी बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने काचेवर लिहायचा. ज्याचा आकडा मोठा, म्हणजे ज्याची गाडी हळू, त्याला आधी सोडतात. जितक्या सेकंदांचा फरक तितका वेळ आधी. आणि लिहिल्यापेक्षा जोरात गेलात तरी बाद. म्हणजे खरं बोलणाऱ्यालाच बक्षीस. असल्या खेळात पुरुष कसे जिंकतात नवल आहे.

मिलो म्हणाला, सतरा-वीस लिही, आधी सुटशील, शांतपणे सरळ जा, एक फेरी आरामात निघेल. मी म्हणाले, मला दयेची सवलत नको. मी बारा-नव्वद लिहिणार. तो म्हणाला, अगं बाई, मग समोरच्याला तुझ्याआधी सोडतील आणि तू दिव्याकडे बघत उभी राहशील! मी म्हणाले, ही ऑगीची गाडी आहे आणि तिचा आकडा बारा-नव्वद आहे. तो म्हणाला, ऑगीचा होता, लोरेटा. तू ऑगी नाहीस. आणि ती गाडीही आता तीच नाही.

मी त्याला गॅरेजबाहेर काढलं. कोलाच्यांचं ताट त्याच्या हातातून घेतलं, तोंडातला तेवढा राहू दिला.

नंतर विचार केला. मी हरावं हे त्याच्या फायद्याचं आहे. मग तो जिंकायची युक्ती का सांगेल? म्हणजे ती युक्ती नाही, सापळा आहे. उघड आहे.

१८ सप्टेंबर, शनिवार, सकाळ

मेळा. आकाश स्वच्छ, रस्ता कोरडा, मी तयार. काचेवर बारा-नव्वद लिहिलं, हातभर मोठ्या आकड्यांत. येणारे-जाणारे थांबून वाचतात. एकाने शीळ घातली. आदर अजून शिल्लक आहे जगात.

चिठ्ठीत माझ्यासमोर कोण आलं? जोअ‍ॅन प्रुइट. बालवाडीची मास्तरीण. सात सीटांची घरगुती व्हॅन, मागच्या काचेवर फुटबॉलचं स्टिकर, डॅशबोर्डवर बिस्किटांचा चुरा. काचेवर लिहिलंय अठरा-चाळीस आणि बाजूला हसरा चेहरा. मला म्हणाली, मिसेस हुडाक, तुमच्याशी शर्यत म्हणजे मला भीतीच वाटते हं, गाडी समांतर लावायच्या परीक्षेत तुम्ही मला रडवलं होतं. गोड मुलगी. चिरडून टाकीन.

मिलो येऊन खिडकीशी वाकला. म्हणाला, आकडा राहू दे, पण एवढं ऐक. दिव्यांचा खांब एकच असला तरी दोन बाजूंचे दिवे वेगळे. ती आधी सुटेल, साडेपाच सेकंद आधी. तू जाऊ नकोस. तिच्याकडे बघूच नकोस. तुझा हिरवा लागेपर्यंत बस. मी म्हणाले, मिलो, दिवा लाल असताना थांबायचं हे मी तुला शिकवलंय. दोनदा.

दुपार

जिंकले! जिंकले! जिंकले!

पिटमध्ये, गाड्या उभ्या करतात तिथे, बसून लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येतंय. ती व्हॅन मला मधेच कुठेतरी डावीकडे दिसली आणि मग दिसलीच नाही. तिसरा गिअर पहिल्या फटक्यात पडला. गाडी ओरडत होती, मी ओरडत होते, शेवटची रेष मी आधी ओलांडली, गाडीच्या दोन-तीन लांबींनी. व्हॅन मागे! लोक कुंपणाशी उभे राहून हात हलवत होते. मीही हलवले. लाउडस्पीकरवर काहीतरी सांगत होते, इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही, अभिनंदनच असणार.

मिलोला काय बोलायचं ते ठरवलंय. चिडवायचं नाही. फक्त म्हणायचं, कॉफी घेणार? तो येतोय. मान खाली आहे. बिचारा.

त्यानंतर

मी बाद झाले.

मिलो म्हणाला, तू तिच्या हिरव्यावर सुटलीस. तुझ्या बाजूला अजून पिवळासुद्धा लागला नव्हता. तू निघाल्याबरोबर तुझा लाल लागला.

मी म्हणाले, शक्य नाही. म्हणाला, सगळ्यांनी पाहिलं. हात हलवत होते ते थांब म्हणून. मी म्हणाले, पण रेष मी आधी ओलांडली. म्हणाला, हो. तू तिच्यापेक्षा सेकंदभर जोरात आलीस, लोरेटा. सतरा-वीस लिहिलं असतंस तर तिच्यामागून सुटूनही बरोबरीला असतीस. तीस वर्षांत ही गाडी इतकी छान गेली नव्हती.

मी तपासणीवाल्या टोपीकडे गेले. सांगितलं, समोरची गाडी हलली की माणूस हलतो, हा निसर्ग आहे. हिरवा दिवा डोळ्यांपुढे लागला, मी निघाले, यात गुन्हा काय? टोपी म्हणाली, मिसेस हुडाक, तो तुमचा दिवा नव्हता. अगदी मऊ आवाजात. मी हा आवाज ओळखते. नापास केल्यावर मी हाच वापरायचे.

जोअ‍ॅन प्रुइट मिठी मारायला आली. मी तिला बुटाचं पॉलिश परत केलं. तिचंच होतं.

मिलोने गाडी ट्रकच्या मागे जोडली. निदान टोमणा तरी मारायचा! परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये नुसते टायरचे आवाज. घराशी उतरताना म्हणाला, शनिवारी येतो.

२१ सप्टेंबर, मंगळवार

राग ओसरला की स्वच्छ दिसतं. मिलो शनिवारी येणार, आणि म्हणणार, लोरेटा, गाडी तूच ठेव. हे नक्की. चार महिने माझ्या कॉफीवर जगलाय, इंजिन त्याने उभं केलंय, त्याला ठाऊक आहे गाडी कुणाची आहे. शिवाय मी विधवा आहे.

मी लगेच हो म्हणायचं नाही. पहिल्यांदा म्हणायचं, नाही मिलो, शब्द म्हणजे शब्द. तो आग्रह करील. दुसऱ्यांदा म्हणायचं, ऑगीला हे आवडलं नसतं. तो कासावीस होईल. तिसऱ्यांदा नुसता सुस्कारा. मग, बरं, तुझी इच्छाच असेल तर.

आरशासमोर एकदा म्हणून पाहिलं. सुस्कारा थोडा लांबला. आखडता घ्यावा.

२४ सप्टेंबर, शुक्रवार

कोलाचे भाजले. खसखशीचे आणि जर्दाळूचे. दुसरं काही करायला नव्हतं म्हणून.

कॉनीला सगळं सांगितलं. म्हणाली, मॉम, त्याने नाही म्हटलं तर? मी म्हणाले, काय नाही म्हटलं तर? म्हणाली, गाडी ठेव असं नाही म्हटलं तर. या पोरीला माणसांची पारख नाही. बापावर गेलीये.

२५ सप्टेंबर, शनिवार

मिलो ट्रेलर घेऊन आला.

ट्रेलर पाहून मला वाटलं, कुठून तरी परस्पर येतोय. कॉफी दिली. त्याने दोन कोलाचे खाल्ले, तिसरा रुमालात बांधून खिशात टाकला. हवेबद्दल बोलला. मी वाट बघत होते. कप खाली ठेवला आणि म्हणाला, निघतो, मग अंधार पडतो. किल्ली कुठेय?

मी म्हणाले, शब्द म्हणजे शब्द. जरा थांबून, त्याला जागा ठेवून.

तो म्हणाला, हो, तसं तूच सगळ्यांसमोर म्हणाली होतीस.

मी म्हणाले, ऑगीला हे आवडलं नसतं. तो म्हणाला, ऑगी मला म्हणालाच होता, लोरेटा. माझा हात धरून. मला खोटं का सांगेल? मी म्हणाले, मलाही हात धरूनच म्हणाला होता. त्याने टेबलावरचा चुरा बोटाने गोळा केला. मला वाटलं, आता म्हणेल. तो उठला.

गाडी सुरू झाली नाही. बॅटरी गेलेली. मिलोची पाठ धरलेली, त्याला ढकलता येईना, म्हणून तो स्टिअरिंगवर बसला आणि मागून मी ढकलली. तो खिडकीतून ओरडत होता, जोर लाव, लोरेटा, अजून थोडा, डावीकडे, शाबास. गुडघा दुखत होता. फळ्यांवरून ती ट्रेलरवर चढली. त्याने पट्टे आवळले, एकेक ओढून पाहिला, माझ्या गालाला गाल लावला आणि गेला. वळणावर ब्रेकचे दिवे लागले, मग विझले.

सुस्कारा राहूनच गेला.

आता साडेदहा वाजलेत. पुढच्या शनिवारी येणार का ते विचारलं नाही. त्याला गॅरेजमध्ये यायला आता कारणच नाही, आणि मला विचारायलाही.